चार मागांवरची दुर्बीण

अक्षताला दुर्बिणीतलं सगळं कळतं, हे घरातल्या सगळ्यांनी एकदाचं मान्य करून टाकलं होतं. मान्य केलं नसतं तर ती बोलायची थांबली नसती.

आता बोलते म्हणायचं, पण दिवाळीपर्यंत हीच मुलगी वर्गात हजेरी देताना असा आवाज काढायची की सर दोनदा विचारायचे, "अक्षता आली आहे का?" मग शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. तिला आरशाच्या दुर्बिणीवर सात मिनिटं बोलायचं होतं. ती वीस मिनिटं बोलली, परीक्षकबाई घंटा वाजवायचं विसरून प्रश्न विचारत बसल्या आणि पहिलं बक्षीस घेऊन ती घरी आली. त्या दिवशी तिचा आवाज जो एक पट्टी वर चढला, तो पुन्हा खाली आलाच नाही. नववीचा अर्धा वर्ग तिला आता 'आकाशवाणी' म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं.

"बक्षीस मिळालं तर दुर्बीण घेऊ," असं नाना, म्हणजे तिचे वडील, बोलून गेले होते. बक्षीस मिळेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, पण शब्द तो शब्द.

घरात दुर्बिणीचा विषय निघाला आणि दोन पक्ष पडले. एका पक्षात नानांचे मित्र शिवराजकाका. त्यांनी नवी पेठेत एका दुकानाच्या काचेआड एक लांबलचक, चंदेरी, तीन पायांवर उभी दुर्बीण पाहून ठेवली होती. खोक्यावर ठसठशीत लिहिलं होतं, ५२५ पट. दुसऱ्या पक्षात अक्षता एकटी, पण ती एकटी चौघांना पुरून उरायची.

"नाना, पट महत्त्वाचे नसतात. तोंड महत्त्वाचं."

"कुणाचं, तुझं?"

"दुर्बिणीचं. तोंड जेवढं रुंद, तेवढा उजेड आत जातो. नळाखाली घागर धरली तर जास्त पाणी मिळेल की लोटा धरला तर? काकांची ती चंदेरी म्हणजे लोटा. अडीच इंचसुद्धा तोंड नाही तिला. उजेड तेवढाच आणि चित्र ५२५ पट ताणलं, तर दिसणार काय? धुकं. मी म्हणते ती पाच इंचाची, आरशाची. आणि काकांच्या दुर्बिणीचे पाय बघा, बगळ्याचे पाय आहेत. फुंकर मारली तरी हलतील. माझीला पायच नाहीत. जड बूड आहे, पाटावर बसल्यासारखी बसते. ही हलणार नाही."

ही हलणार नाही, हे तिनं त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की तिची अम्मा, म्हणजे आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "नाही हलणार बाई. तू हल जरा, मला ताट घेऊ दे."

बरोबर काय काय घ्यायचं, त्यावरही तिनं वही भरली होती. दुर्बिणीसोबत दोन डोळेभिंगं फुकटच येत होती, म्हणजे डोळा लावायच्या टोकाला बसवायची छोटी भिंगं. एक पंचवीस आकड्याचं, एक दहाचं. आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं. "उलटाच कारभार," असं नाना म्हणाले. वर तिनं एक बार्लो भिंग मागितलं, ते मध्ये बसवलं की चित्र आणखी दुप्पट. चंद्राचं हिरवं भिंग, मोबाइल अडकवायचा चाप, चामडी पिशवी हे सगळं तिनं स्वतःच खोडून टाकलं. ती खोडाखोड पाहून नाना विरघळले. पोरीला हवं काय यापेक्षा नको काय हे कळतं, म्हणजे पोरगी शहाणी आहे, असं त्यांनी शिवराजकाकांना सांगितलं आणि मागवली पाच इंचाची.

बुधवारी खोकं आलं. संध्याकाळी गच्चीवर पंचवीसच्या भिंगातून सगळ्यांनी चंद्र पाहिला. अम्मा म्हणाली, भाकरीला फोड आल्यासारखा दिसतो. ऐंशीला टेकलेले तात, म्हणजे अक्षताचे आजोबा, त्या दिवशी मणूर गावाला गेले होते, ते तेवढे राहिले. अक्षताला वाटलं, जग जिंकलं.

गुरुवारी तिनं गुरूवर नेम धरला. दहाचं भिंग लावलं, मध्ये बार्लो बसवलं, डोळा टेकवला.

गुरू वळवळत होता. थरथरत नव्हता, चमकत नव्हता, वळवळत होता. बाजूचे त्याचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसायचे सोडून, लहान मुलानं पाटीवर खडू घासावा तशा रेघोट्या मारत होते. तिनं हात काढून घेतला, श्वास रोखला. तरी तेच.

"बघू," म्हणत नाना वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हा ग्रह आहे का मुंगळा?"

त्यानंतरचे तीन दिवस अक्षतानं काय काय केलं ते विचारू नका. आरसे एका रेषेत आहेत का ते तपासलं. नळी थंड व्हावी म्हणून तासभर आधी गच्चीत नेऊन ठेवली. दुर्बीण स्टुलावर ठेवली, लोखंडी टेबलावर ठेवली, कठड्यावर ठेवली, शेवटी खाली फरशीवर ठेवून स्वतः पालथी पडून पाहिलं. फरशीवर गुरू जरा कमी वळवळला, इतकंच. रविवारी शिवराजकाका आले, एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. काकांनी फक्त नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वस्तू खराब लागली असेल," नाना म्हणाले, "किंवा मुळात ही जातच अशी असेल. परत करायची मुदत मंगळवारपर्यंत आहे. मंगळवारी सकाळी दहाला कुरिअरवाला यायचाय. ती चंदेरी आणू, झालं."

"नाना, ती यापेक्षा जास्त..."

"अक्षता, आता पुरे."

ओरडले नाहीत ते. त्यांनी नुसतं पुरे म्हटलं, तर अक्षताला वाटलं, कुणीतरी तिला उचलून पुन्हा त्या हजेरीच्या बाकावर नेऊन बसवलं. दुर्बीण जाणार याचं दुःख होतंच. पण यापुढं ती घरात काही म्हणाली की सगळे एकमेकांकडे बघणार, आणि कुणी काही न बोलता तिच्या दुर्बिणीची आठवण काढणार, ते दुःख मोठं होतं.

सोमवारी संध्याकाळी वर्गातली वैजयंती आली. ती मूळची मोडनिंबची, याच वर्षी मामाकडे सोलापुरात शिकायला आलेली, आणि भूमितीत अक्षतावर अवलंबून असलेली. अक्षताच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. दोघी गच्चीवर सतरंजी टाकून बसल्या. अम्मानं दोन कप चहा आणून ठेवला. नुकताच अंधार पडत होता आणि पूर्वेला, डोक्यावरून जरा खाली, गुरू दिसू लागला होता, कसा नीट, शहाण्यासारखा, एका जागी.

वैजयंतीनं वर्तुळ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.

"तुझं घर हालतंय गं," ती म्हणाली.

"काहीही."

"काहीही काय? मी मगापासून एसटीत बसल्यागत बसलीया. वर्तुळाचा पार बटाटा झाला बघ. घराला हिवताप आलाय का तुमच्या?"

"कुठं हलतंय?"

"कुटं म्हंजी? हितं. बुडाखाली."

अक्षतानं तळवा फरशीवर टेकवला. काहीच नाही. फरशी फरशीसारखी होती, जन्मापासून होती तशी. वैजयंतीनं कपाळाला हात लावला, स्वतःचा चहाचा कप उचलून दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला आणि म्हणाली, "मला न्हाय, चहाला इचार."

चहावर वर्तुळं उमटत होती. बारीक, एकात एक, अगदी नेमानं. कपाला कुणी हात लावला नव्हता. खाली, दोन मजल्यांखाली, चार माग टॉवेल विणत होते, खटाक् खटाक्, खटाक् खटाक्, आणि प्रत्येक खटक्याला चहा शहारत होता.

आता हे सांगायला पाहिजे की अक्षताच्या घरात तळमजल्यावर कारखाना, त्यावर राहायचं घर आणि त्यावर गच्ची, असं सगळं एकावर एक होतं. पूर्व भागातल्या त्या गल्लीत एकेकाळी बहुतेक घरं अशीच, पण आता माग फक्त यांच्याच घरी उरले होते. मागांचा आवाज तिला ऐकू येत नसे, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या की तू एवढी मोठ्यानं का बोलतेस, तेव्हा तिला वाटायचं, बक्षिसामुळं. आणि घर हलतं, हे तर त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत कसं होणार? ज्यांना कळलं असतं, ते सगळे अशाच हलत्या घरांत रांगायला शिकले होते. पंचवीसच्या भिंगात चंद्र मुळातच मोठा आणि पट कमी, तिथं हे खपून गेलं. एकशे तीस पट केल्याबरोबर घर उघडं पडलं.

अक्षता उठून उभी राहिली. आधी तिला इतका आनंद झाला की तिनं वैजयंतीची भूमितीची वही छातीशी धरली. मग लगेच तिचे कान गरम झाले. ही हलणार नाही, म्हणून गावभर सांगितलं होतं. दुर्बीण हलत नव्हतीच. पण ती कशावर बसणार, हे चार महिन्यांच्या वाचनात, भरलेल्या वहीत, तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

"आता कुटं निघालीस?"

"नानांकडे."

नाना कारखान्याच्या दारात सुताच्या गड्ड्या उतरवून घेत होते. अक्षता त्यांना हाताला धरून वर घेऊन आली. त्यांनी कपाकडं पाहिलं.

"चहा आहे."

"चहाच आहे. त्याच्यावर बघा."

नाना उकिडवे बसले. पाहत राहिले. मग त्यांनी कप उचलून दुसरीकडे ठेवला, जणू कप खोटं बोलत असावा. तिथंही वर्तुळं. त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं.

"तुला कळतंय हे? बसल्या बसल्या?"

"व्हय काका. लई."

"चव्वेचाळीस वर्षं राहतोय मी इथं," नाना कपाला उद्देशून म्हणाले.

"नाना, चूक माझी आहे," अक्षता म्हणाली. हे वाक्य तिनं जिन्यातच घोकून ठेवलं होतं, तरी ते अडखळत आलं. "दुर्बीण बरोबर निवडली. जागा बघितली नाही. पण काकांची बगळ्याच्या पायांची आणली तर ती याहून नाचेल. दहा मिनिटं माग थांबवा. गुरू नाही थांबला तर उद्या मी माझ्या हातानं खोकं बांधून देते. ती चंदेरी आणा, मी एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द बोलणार नाहीस?"

"नाही."

नानांना हा सौदा चांगलाच मोहात पाडणारा वाटला असावा, कारण साक्षीला कुणी आहे ना, म्हणून त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या मंगळवार. कारखान्याला सुट्टीच आहे. उद्या संध्याकाळी बघ की."

"कुरिअरवाला सकाळी दहाला येतोय. मुदतही उद्याच संपते."

"हं." त्यांनी हनुवटी खाजवली. "जालिंदरला विचार. माग माझे असले तरी मागावरच्या कापडाची जबाबदारी त्याची असते. तो हो म्हणाला तर थांबव."

जालिंदर बारा वर्षं त्यांच्याकडे माग चालवत होता. चार मागांच्या मध्ये तो असा फिरायचा, जसा एखादा मास्तर चार वर्ग एकदम शिकवतो. अक्षतानं त्याच्या कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, तुटलेला एक धागा गाठ मारून जोडला, आणि म्हणाला, "मधीच न्हाय थांबवता येत. कापडात पट्टा पडतो. धुतला तरी जात न्हाय."

"मग?"

"टॉवेल संपतो तितं सपाट पट्टी येती, कापायची. तितं थांबवला तर कुणाच्या बापाला कळत न्हाय. पर चारी माग एकदम संपत न्हाईत. ज्याचा संपंल तो थांबवतो. एकेक." त्यानं चौथ्या मागाकडं नजर टाकली. "ह्यो लई मागं हाय. पंधरा मिनिटं लागतील."

"चालेल."

"मला काय दिसंल?"

"गुरू. चार चंद्रांसकट."

"मंग म्या बी येनार वर," जालिंदर म्हणाला, आणि पहिल्या मागाकडे वळला.

अक्षता दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर आली. दहाचं भिंग, बार्लो, नेम. गुरू नेहमीसारखा वळवळत होता. तिच्या मागं नाना हाताची घडी घालून उभे, वैजयंती चहा पीत. अक्षताच्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब पंधरा मिनिटं होती आणि तिनं ती एका डोळ्यानं काढली.

पहिला माग थांबला तेव्हा तिला काहीच फरक दिसला नाही.

दुसरा थांबला. रेघोट्या आखूड झाल्या. खरंच, की नुसतं तसं वाटतंय? तिनं डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. आखूड झाल्या होत्या.

तिसरा थांबल्यावर गल्लीतलं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं, कुणाच्या तरी टीव्हीवरच्या बातम्या आल्या, आणि गुरू आता फक्त कुणाचं तरी ऐकून मान डोलवत असल्यासारखा हलत होता. मग बराच वेळ चौथा माग एकटाच खटाक् खटाक् करत राहिला. आणि थांबला.

गुरू उभा राहिला.

इतका स्वच्छ, इतका गोल, की अक्षताला आधी कुणीतरी भिंगावर चित्र चिकटवलं असं वाटलं. पिवळसर पांढरा, पोटावर दोन तपकिरी पट्टे. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, एका ओळीत, टाचणीच्या टोकानं टोचल्यासारखे चार ठिपके. रेघोटी कुठंच नाही. ती बाजूला झाली. "बघा," एवढंच म्हणाली, आणि नानांच्या लक्षात आलं की पोरीनं आज पहिल्यांदा एका शब्दात काम भागवलंय.

नानांनी डोळा लावला. दुसरा डोळा त्यांना मिटता येईना म्हणून तो त्यांनी हातानं झाकला.

"हे चार काय आहेत?"

"चंद्र."

"आपल्याला एक, आणि ह्याला चार?"

"तसे नव्वदच्या वर आहेत, पण बाकीचे खूप लहान आहेत, त्यांना एवढा आरसा पुरत नाही, त्यासाठी..."

"लागली बोलायला," नाना म्हणाले. पण डोळा काढला नाही.

एवढ्यात जिन्यावर काठी वाजली. तात आले होते, धापा टाकत. ते तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर बसलेले असताना त्यांना मागांचा आवाज बंद झालेला जाणवला होता. ज्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, त्याला तो बंद झालेला मात्र तिसऱ्या गल्लीतून ऐकू येतो.

"एमैंदी?" त्यांनी तेलुगूत विचारलं, काय झालं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, तात. गुरू आलाय."

"कोण गुरू?"

"गुरुवारचा."

तातांनी दुर्बिणीकडं, मग आकाशाकडं पाहिलं. काठी नानांच्या हातात दिली, चपला काढून कठड्याशी लावून ठेवल्या आणि मग पुढं झाले. त्यांना वाकता येईना तेव्हा वैजयंतीनं स्टूल सरकवलं. ते किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. मागून जालिंदर येऊन उभा राहिला होता, हाताला तेल लागलेलं म्हणून हात मागं धरून, आणि तोही घाई करत नव्हता.

"जालिंदर, बघ," तात शेवटी म्हणाले. "चांगला आहे. स्वच्छ."

जालिंदरनं पाहिलं आणि कापडाची तपासणी करतात तसं म्हणाला, "कुटं डाग न्हाय."

नाना कठड्याला टेकून मोबाइल काढून उभे होते. "त्या कुरिअरवाल्याचा नंबर कुठला गं? त्याला नको येऊ म्हणून सांगतो. उगाच पेट्रोल जाळेल." आणि मग, फोन कानाला लावता लावता, सहज विचारल्यासारखं, "बाकी आणखी काय काय लागतं तुझ्या ह्या दुर्बिणीला?"

अक्षताच्या वहीत अकरा वस्तूंची यादी होती. ती तिच्या जिभेच्या टोकावर आली.

"मंगळवार," ती म्हणाली. "दर मंगळवारी संध्याकाळी गच्ची. आणि एक लाल टॉर्च. बाकी नंतर बघू."

"लाल कशाला?"

"पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते."

"मोडते का," नाना म्हणाले. अक्षतानं सांगितलंय म्हणजे मोडत असणार, अशा आवाजात म्हणाले.

जालिंदर खाली उतरला. दोन मिनिटांनी कारखान्यातून त्याची हाक आली, "लावू का माग?"

नानांनी फोनवर बोलता बोलता हात हलवला आणि तिच्याकडं बोट केलं, हिला विचार. कारखान्यातला प्रश्न अक्षताला आजवर कुणी विचारला नव्हता. दोरा कोणता, रंग कोणता, माग कधी लावायचा, कधी बंद करायचा, हे सगळं तिला न विचारताच ठरायचं. ती कठड्यावरून वाकली.

"थांबा जरा," तिनं खाली आवाज दिला. गल्ली इतकी शांत होती की ओरडायची गरजच पडली नाही. "अम्माचं राहिलंय बघायचं."

मग तिनं जिन्यात तोंड घालून अम्माला हाक मारली. अम्मा आली, पदराला हात पुसत, भाकरी तव्यावर आहे म्हणत, आणि खाली चारही माग तिचं बघून होईपर्यंत थांबून राहिले.